जीवशास्त्र, अभियांत्रिकी आणि नॅनोतंत्रज्ञान : काशीच्या एका आवारातील पदव्युत्तर प्रशिक्षण

वाराणसी : नदीच्या पाण्यातील जिवाणू मोजणारा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, ते अडविणारी गाळणी घडविणारा अभियंता आणि त्या गाळणीच्या भिंतीतील नळ्यांचा व्यास नॅनोमीटरमध्ये सांगणारा भौतिकशास्त्रज्ञ या तिघांची कामे आता परस्परांपासून वेगळी राहिलेली नाहीत. तिघांचे शिक्षण मात्र देशात बहुतेक ठिकाणी अजूनही तीन वेगळ्या इमारतींत, तीन वेगळ्या परीक्षांच्या वाटेने होते. वाराणसीतील काशी हिंदू विश्वविद्यालयाचे आवार या बाबतीत असामान्य आहे. तेथे भारतीय प्रौद्योगिकी संस्था, आयुर्विज्ञान संस्था, सर सुंदरलाल रुग्णालय आणि मूलभूत विज्ञानाचे विभाग एकाच परिसरात आहेत. जीवशास्त्र, अभियांत्रिकी आणि नॅनोतंत्रज्ञान यांच्या सीमेवर काम करू शकणारी पिढी कशी घडते आणि घडताना कोठे अडते, हे पाहण्यासाठी हे आवार उपयुक्त उदाहरण ठरते.

नॅनोमीटरच्या मापात

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. म्हणूनच या विद्याशाखेला मराठीत अब्जांश तंत्रज्ञान असेही म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी ढोबळमानाने ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते, ई. कोलाय हा जिवाणू साधारण २ हजार नॅनोमीटर लांब असतो, पोलिओचा विषाणू २५ ते ३० नॅनोमीटरचा असतो, तर डीएनएच्या पेडाची रुंदी सुमारे २ नॅनोमीटर असते. जीवसृष्टीची मूलभूत यंत्रणा याच मापात चालते. त्या मापाचा पदार्थ घडविता आला, की पेशीशी थेट व्यवहार करणे शक्य होते.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९५९ मध्ये एका व्याख्यानात अणूंच्या पातळीवर पदार्थ घडविण्याची कल्पना मांडली. 'नॅनोतंत्रज्ञान' हा शब्द जपानचे नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये वापरला. वैद्यकातील या विद्येचा ठळक टप्पा १९९५ मध्ये आला. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध मेदाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून देण्याच्या पद्धतीला त्या वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध जुनेच होते आणि त्याचा हृदयावरील दुष्परिणामही ठाऊक होता. ते शरीरात कसे पोहोचवावे, हे मात्र नव्याने घडविण्यात आले. त्यासाठी औषधनिर्माणशास्त्र, पदार्थविज्ञान आणि शरीरक्रियाशास्त्र यांची एकत्र गरज पडली.

भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००१ मध्ये या क्षेत्रासाठी पहिला राष्ट्रीय उपक्रम हाती घेतला. २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १ हजार कोटी रुपयांच्या तरतुदीसह 'नॅनो मिशन'ला मंजुरी मिळाली. संशोधन प्रकल्पांबरोबर पदव्युत्तर अभ्यासक्रमांना साहाय्य हा त्याचा एक भाग होता. या मोहिमेच्या परिषदेचे नेतृत्व करणारे भारतरत्न सी. एन. आर. राव हे काशी हिंदू विश्वविद्यालयाचे १९५३ चे पदव्युत्तर विद्यार्थी होत.

एका आवाराची घडण

पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नांतून ४ फेब्रुवारी १९१६ रोजी विश्वविद्यालयाची पायाभरणी झाली. सुमारे १३०० एकरांच्या या परिसरात धर्मशास्त्र आणि यंत्रशास्त्र शेजारी नांदावे, अशी मालवीयांची कल्पना होती. १९१९ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे खाणकाम व धातुशास्त्राचे, तसेच तंत्रविद्येचे महाविद्यालय आकाराला आले. महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ पासून येथे औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाची मुहूर्तमेढ रोवली. मृत्तिकाशिल्प, म्हणजे सिरॅमिक अभियांत्रिकीचे शिक्षणही येथे १९२४ पासून आहे. या शाखेचा वैद्यकाशी संबंध प्रथमदर्शनी जाणवत नाही. परंतु हाडाशी एकजीव होणारी जैवसक्रिय काच अमेरिकेत १९६९ मध्ये लॅरी हेंच यांनी शोधल्यानंतर काच आणि भट्टी जाणणाऱ्यांना अस्थिरोगतज्ज्ञांच्या जगात स्थान मिळाले. वाराणसीतील सिरॅमिक विभागानेही पुढे या काचेवर संशोधन केले.

वैद्यकीय महाविद्यालय १९६० मध्ये, शल्यचिकित्सक के. एन. उडुप यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांना एका छताखाली आणणारे हे महाविद्यालय १९७१ मध्ये आयुर्विज्ञान संस्था झाले. दरम्यान, १९६८ मध्ये तिन्ही तांत्रिक महाविद्यालये विलीन होऊन प्रौद्योगिकी संस्था तयार झाली होती. २०१२ च्या कायदा दुरुस्तीने तिला भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचा दर्जा मिळाला आणि ती आयआयटी-बीएचयू या नावाने ओळखली जाऊ लागली.

मराठी वाचकाला हे आवार अपरिचित नाही. गणितज्ञ विष्णु वासुदेव नारळीकर यांनी १९३२ पासून अनेक वर्षे येथे अध्यापन केले आणि त्यांचे पुत्र, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९५७ मध्ये येथूनच पदवीधर झाले.

आज आयआयटी-बीएचयूमध्ये जैववैद्यकीय अभियांत्रिकी, जैवरासायनिक अभियांत्रिकी आणि पदार्थविज्ञान व तंत्रज्ञान अशी आंतरशाखीय विद्यालये आहेत. औषधनिर्माण अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. विश्वविद्यालयाच्या बाजूला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाचे विभाग आहेत. या सर्वांमधील अंतर सायकलवरून सहज कापता येते. २०१२ नंतर मात्र दोन्ही बाजूंचे प्रशासन आणि अर्थसंकल्प स्वतंत्र झाले. आवार एक आणि कार्यालये दोन, ही स्थिती येथील आंतरशाखीय प्रशिक्षणाची संधी आहे आणि कसोटीही.

गाळणीचे उदाहरण

सीमेवरचे काम प्रत्यक्षात कसे होते, याचे एक नमुनेदार उदाहरण वाराणसीतच घडले. २००४ मध्ये 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात कार्बन नॅनोनलिकांच्या गाळणीविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विश्वविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागातील अंचल श्रीवास्तव व ओंकारनाथ श्रीवास्तव आणि अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधील पुलिकल अजयन व त्यांचे सहकारी यांचे ते संयुक्त काम होते. अजयन हे वाराणसीतील प्रौद्योगिकी संस्थेचेच १९८५ चे धातुशास्त्र पदवीधर. ओंकारनाथ श्रीवास्तव यांना पुढे २०१६ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

तापविलेल्या क्वार्ट्झच्या नळीत बेन्झीन आणि फेरोसीन यांच्या द्रावणाचा फवारा सोडून संशोधकांनी कार्बनची पोकळ दंडगोलाकार गाळणी तयार केली. तिच्या भिंतीत असंख्य नॅनोनलिका मध्यापासून बाहेरच्या दिशेने, चाकाच्या आऱ्यांसारख्या रचलेल्या होत्या. या गाळणीने पाण्यातील ई. कोलायसारखे जिवाणू तर अडविलेच, पण पोलिओचा विषाणूही अडविला. शिवाय ती ध्वनिलहरींनी आणि उच्च तापमानाच्या वाफेने स्वच्छ करून पुन्हा वापरता येते, हेही दाखविण्यात आले. खनिज तेलातील जड घटक वेगळे करण्यासाठीही तिचा उपयोग दिसून आला.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने या प्रयोगाचे महत्त्व वेगळेच आहे. नलिका वाढविणे हे भौतिकशास्त्र आणि पदार्थविज्ञानाचे काम. परंतु गाळणीतून आलेले पाणी खरोखर निर्जंतुक आहे का, हे ठरविण्यासाठी जिवाणूंची वसाहत वाढवून मोजावी लागते आणि विषाणूची चाचणी जिवंत पेशींवर घ्यावी लागते. सूक्ष्मदर्शकातील सुंदर छायाचित्र म्हणजे सुरक्षित पाण्याची हमी नव्हे. दोन्ही बाजूंचे पुरावे एकत्र आले, तेव्हाच निबंध पूर्ण झाला.

वाराणसीत या प्रश्नाला स्थानिक संदर्भही आहे. गंगा कृती योजनेचा प्रारंभ १९८६ मध्ये याच शहरात झाला. विश्वविद्यालयातील जलशास्त्राचे प्राध्यापक आणि संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाने तुळशीघाटावर प्रयोगशाळा उभारून नदीच्या पाण्याची तपासणी सुरू केली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार स्नानाच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या ५०० पर्यंत अपेक्षित आहे आणि कमाल मर्यादा २५०० आहे. रोज पहाटे नदीत उतरणाऱ्या शहरात हा आकडा केवळ पाठ्यपुस्तकापुरता राहत नाही.

पुण्याचा गवती चहा

योगायोग असा, की त्याच वर्षी त्याच नियतकालिकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. गवती चहाच्या पानांचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळल्यावर सोन्याचे त्रिकोणी, अत्यंत पातळ नॅनोकण तयार होतात, असे त्यात दाखविले होते. हे कण अवरक्त किरणे शोषून घेतात आणि त्यामुळे तापतात. हा गुण पुढे कर्करोगाच्या पेशी उष्णतेने नष्ट करण्याच्या संशोधनाशी जोडला गेला. पदार्थ रसायनशास्त्राचे मुरली शास्त्री आणि जैवरसायनशास्त्राचे अबसार अहमद या दोन विभागांतील शास्त्रज्ञांच्या सहकार्यातून हे काम उभे राहिले. त्याआधी त्यांनी बुरशीच्या साहाय्याने धातूंचे नॅनोकण बनविण्याची पद्धतही विकसित केली होती.

वाराणसी आणि पुणे या दोन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. प्रथम पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला आणि मग संशोधन झाले, असे घडले नाही. दोन विद्यांच्या माणसांनी एकाच प्रश्नावर काम केले आणि त्या कामात त्यांचे संशोधक विद्यार्थी घडले.

शिक्षणाचा क्रम

जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या दोन वर्षांच्या एम. टेक. अभ्यासक्रमात सामान्यतः पहिल्या वर्षी वर्गशिक्षण आणि दुसऱ्या वर्षी प्रबंधाचे काम असते. वर्गात भिन्न पार्श्वभूमीचे विद्यार्थी एकत्र येतात. यांत्रिकी वा इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधराला शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र शिकावे लागते, तर जीवविज्ञान वा औषधनिर्माणशास्त्रातून आलेल्याला गणित, संकेत प्रक्रिया आणि पदार्थांचे यांत्रिक गुणधर्म नव्याने हाताळावे लागतात. पहिले सत्र दोघांनाही जड जाते, कारण प्रत्येकाची एक बाजू लंगडी असते. कृत्रिम सांधे आणि रोपणासाठीचे जैवपदार्थ, ऊतींची बांधणी, वैद्यकीय उपकरणे, जैवसंवेदक आणि औषधवाहक नॅनोकण ही या शिक्षणाची प्रमुख क्षेत्रे आहेत.

प्रयोगशाळेतील शिस्तही दुहेरी असते. पेशीसंवर्धनासाठी निर्जंतुक कक्षात काम करण्याची सवय लागते. नॅनोकणांचा आकार आणि पृष्ठभार मोजण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक व प्रकाश विकिरणाची उपकरणे हाताळावी लागतात. प्राण्यांवरील प्रयोगासाठी संस्थेच्या प्राणी नीती समितीची, तर रुग्णांचे नमुने वापरण्यासाठी मानवी संशोधन नीती समितीची पूर्वपरवानगी लागते. मानवी संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत. ही परवानगी मिळण्यास वेळ लागतो, हे केवळ अभियांत्रिकी शिकलेल्या विद्यार्थ्याला अनेकदा प्रबंधाच्या वर्षातच कळते.

एम. टेक. प्रवेशासाठी 'गेट' परीक्षा हा मुख्य मार्ग आहे. २०२० पासून या परीक्षेत जैववैद्यकीय अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे आणि २०२१ पासून उमेदवाराला ठरावीक जोड्यांतून दोन प्रश्नपत्रिका निवडण्याची मुभा मिळाली आहे. प्रौद्योगिकी संस्थांतील जागांचे प्रस्ताव 'कोॲप' या सामाईक संकेतस्थळावरून दिले जातात. कोणत्या शाखेचा पदवीधर कोणत्या अभ्यासक्रमास पात्र आहे, हे प्रत्येक संस्थेच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात तपासणे आवश्यक ठरते, कारण आंतरशाखीय अभ्यासक्रमांतील पात्रतेच्या याद्या संस्थेगणिक वेगळ्या असतात. पीएच. डी.साठी लेखी परीक्षा वा राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि त्यानंतर मुलाखत असा क्रम असतो.

अधुरी माहिती धोक्याची

या प्रशिक्षणात जीवशास्त्राला दुय्यम स्थान देता येत नाही, याचे सर्वांत ठळक कारण सुरक्षितता हे आहे. गाळणीसाठी उपयुक्त ठरलेल्या कार्बन नॅनोनलिकांचेच उदाहरण पुरेसे आहे. २००८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले, की लांब आणि ताठ नलिका शरीराच्या पोकळीत ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा दाह निर्माण करतात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बहुभित्ती नलिकांच्या एका विशिष्ट प्रकाराचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत केला. नलिकेची लांबी आणि ताठरपणा हे अभियंत्याच्या दृष्टीने उत्पादनाचे गुणधर्म असतात. फुप्फुसाच्या दृष्टीने तेच धोक्याचे घटक ठरतात. हे दोन्ही अर्थ एकाच वेळी समजणारा संशोधक आरंभीच रचना बदलू शकतो.

नियमनाची चौकटही आता अभ्यासाचा विषय झाली आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाने औषध नियामक यंत्रणा आणि आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणण्यात आली. प्रयोगशाळेतील यशस्वी नमुना आणि रुग्णाच्या खाटेजवळ पोहोचणारे उपकरण यांच्यातील अंतर या नियमांनी मोजले जाते.

चौथ्या प्रयत्नातील झडप

ते अंतर पार करण्याचा देशातील सर्वांत बोलका दाखला तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेतील कृत्रिम हृदयझडपेचा आहे. शल्यचिकित्सक एम. एस. वल्यत्तन यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टर आणि अभियंते यांनी वर्षानुवर्षे एकत्र काम केले. आधीच्या तीन रचना अपयशी ठरल्या आणि चौथी रचना डिसेंबर १९९० मध्ये प्रथमच रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. तिच्या फिरत्या चकतीसाठी अखेरीस अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन निवडण्यात आले. हे बहुवारिक झिजेलाही टिकते आणि रक्तालाही सोसते. प्रत्येक अपयशाचे कारण शोधताना शल्यचिकित्सक आणि पदार्थतज्ज्ञ यांना एकाच टेबलाशी बसावे लागले.

याच अनुभवाचा वारसा शिक्षणात आला. श्री चित्रा संस्था, आयआयटी मद्रास आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांनी संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविला. त्यात विद्यार्थी अभियांत्रिकी संस्थेबरोबर रुग्णालयातही शिकतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने जैवप्रणाली अभियांत्रिकीच्या पीएच. डी.साठी भिन्न शाखांतील दोन मार्गदर्शकांची पद्धत स्वीकारली. अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आंतरशाखीय पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी स्वतंत्र अनुदान योजना सुरू केली आणि विभागाऐवजी प्रश्नाभोवती विद्यार्थ्यांचे गट बांधण्यास चालना दिली. या सर्व प्रयोगांचा भर जादा विषय शिकविण्यावर नाही. विद्यार्थी दोन विद्यांना उत्तरदायी असावा, यावर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच. डी. नियमांतही अन्य विभागातील वा संस्थेतील सहमार्गदर्शकाची तरतूद आहे.

केरळ आणि तमिळनाडूत जे तीन संस्थांच्या कराराने साधले, त्यासाठी लागणारे सर्व घटक वाराणसीत एका कुंपणाच्या आत आहेत. तेथे अडथळा अंतराचा नाही. डॉक्टरला रुग्णसेवेतून मार्गदर्शनासाठी वेळ मिळणे, दोन संस्थांच्या उपकरणांचा सामाईक वापर होणे आणि प्रबंधाचे श्रेय दोन्ही बाजूंना सारखे मिळणे, या बाबींवर तेथील यश अवलंबून आहे.

पदवीनंतरची वाट

विद्यार्थ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न पदवीनंतर उभा राहतो. अध्यापक भरतीच्या जाहिराती बहुधा एका शाखेची पदवी मागतात. अशा वेळी सीमेवर शिकलेला उमेदवार जीवशास्त्र विभागाला अभियंता वाटतो आणि अभियांत्रिकी विभागाला जीवशास्त्रज्ञ. आर्थिक ताणही कमी नाही. 'गेट'द्वारे येणाऱ्या एम. टेक. विद्यार्थ्याचे विद्यावेतन अनेक वर्षे दरमहा १२,४०० रुपये राहिले आहे. कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये आणि वरिष्ठ पाठ्यवृत्ती ४२ हजार रुपये झाली. पंतप्रधान संशोधन पाठ्यवृत्तीची रक्कम आरंभी दरमहा ७० हजार रुपये आहे, पण ती निवडक विद्यार्थ्यांनाच मिळते. दोन विद्या आत्मसात करण्यास एका विद्येपेक्षा अधिक काळ लागतो, तर पाठ्यवृत्तीची मुदत मात्र सर्वांना सारखीच असते.

दुसरीकडे मागणीची चिन्हेही आहेत. भारत वैद्यकीय उपकरणांचा मोठा हिस्सा आयात करतो. ते अवलंबित्व कमी करण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणास मंजुरी दिली. आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये स्थापन झालेल्या 'बेटिक' या केंद्राने राज्य शासनाच्या साहाय्याने डॉक्टर, अभियंते आणि उद्योजक यांना उपकरणनिर्मितीसाठी एकत्र आणले आणि नागपूर व पुण्याच्या अभियांत्रिकी संस्थांनाही त्यात जोडून घेतले. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. या प्रकारच्या लशीतील रेणू इतका नाजूक असतो, की अतिसूक्ष्म वाहक कणांच्या आधाराशिवाय तो पेशीत पोहोचत नाही. असे कण घडविणाऱ्याला रसायनशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र आणि उत्पादन अभियांत्रिकी या तिन्हींची जाण लागते.

वाराणसीतही रुग्णसेवेचा विस्तार झाला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने शहरातील लहरतारा भागातील कर्करोग रुग्णालय चालविण्यास घेतले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये विश्वविद्यालयाच्या आवारात महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्राचे उद्घाटन झाले. औषधवाहक नॅनोकणांवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ज्या रोगावर आपण काम करतो, त्याचे रुग्ण आता त्याच आवारात भेटतात. त्या दोघांमधील अंतर किती लवकर कमी होते, यावरच या प्रशिक्षणाचे मोल ठरणार आहे.